वाहिन्यांचे तंटे आणि दुर्गम भागातील ग्राहक

गडचिरोली जिल्ह्याच्या पूर्व सीमेवरील भामरागड हे तालुक्याचे गाव पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती या तीन नद्यांच्या संगमाजवळ वसले आहे. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा झाला. त्यापूर्वीपासूनच हा मुलूख घनदाट अरण्याचा, माडिया गोंडांच्या विखुरलेल्या वस्त्यांचा आणि पावसाळ्यात तुटणाऱ्या वाटांचा म्हणून ओळखला जातो. हेमलकसा व भामरागड यांच्यामधील पर्लकोटेच्या जुन्या ठेंगण्या पुलावरून पुराचे पाणी वाहू लागले की एस. टी. थांबे, टपाल थांबे आणि वृत्तपत्र येण्याचा तर प्रश्नच उरत नसे. असे पावसाळे या गावाने वर्षानुवर्षे काढले आहेत.

अशा गावात दूरचित्रवाणी पोहोचली ती तारेने नव्हे, तर थेट आकाशातून. शहरातील एका चाळीत केबलची एकच तार पन्नास-शंभर घरांना पुरते. जेथे एका पाड्यात दहा-वीस घरे आणि दोन पाड्यांमध्ये कोसभर जंगल, तेथे तार ओढणे कोणत्याही केबल व्यावसायिकास परवडणारे नाही. साहजिकच कौलावर किंवा अंगणातील खांबावर बसविलेली लहान डिश, म्हणजेच खेड्यापाड्यांतील लोकांच्या भाषेतील ‘छत्री’, हेच येथील मुख्य साधन ठरले. वीज असेल आणि आभाळ फार भरून आलेले नसेल, तर पूर आलेल्या दिवशीसुद्धा मुंबईच्या बातम्या आणि हवामानाचा इशारा या छत्रीतून घरात येतो.

कधी कधी मात्र पडदा अचानक कोरा होतो. या भागातील ग्राहकास त्याची तीन कारणे संभवतात, आणि ती ओळखता येणे महत्त्वाचे आहे. पहिले कारण पावसाचे. घरगुती छत्र्यांकडे येणाऱ्या उपग्रह लहरी अतिशय आखूड असतात आणि मुसळधार पावसात त्या क्षीण होतात. अशा वेळी सर्वच वाहिन्या एकदम जातात व पाऊस ओसरला की आपोआप परततात. दुसरे कारण भरलेले पैसे संपल्याचे. त्याची सूचना पडद्यावर उमटते. तिसरे कारण वेगळेच आहे. आकाश निरभ्र असते, पैसे भरलेले असतात, शेजारच्या क्रमांकाची वाहिनी स्वच्छ दिसते, पण एका विशिष्ट कंपनीच्या तेवढ्या वाहिन्या गायब झालेल्या असतात. हा बिघाड यंत्रातला नसतो. दिल्ली-मुंबईत दोन कंपन्यांमध्ये पैशांवरून बिनसलेले असते. हे ठाऊक नसल्यामुळे छत्रीची दिशा फिरवून पाहणारे, किंवा दुरुस्तीसाठी माणूस बोलावून त्याचे पैसे भरणारे ग्राहक थोडेथोडके नसावेत.

घाऊक आणि किरकोळ

या तंट्यांचे मूळ व्यवसायाच्या रचनेत आहे. कार्यक्रम तयार करून वाहिनी चालविणारी कंपनी म्हणजे प्रक्षेपक. ती घाऊक व्यापाऱ्यासारखी असते. अनेक प्रक्षेपकांच्या वाहिन्या एकत्र करून त्या केबलने किंवा छत्रीद्वारे घरोघर पोहोचविणारी कंपनी म्हणजे वितरक. तो किरकोळ दुकानदार होय. ग्राहकाचा व्यवहार फक्त वितरकाशी असतो. प्रक्षेपकाला दोन बाजूंनी उत्पन्न मिळते: जाहिरातींतून आणि ग्राहकाच्या वर्गणीतील वाट्यातून. वर्गणीचा वाटा किती असावा, आपल्या सर्व वाहिन्या एकगठ्ठा घ्याव्यात की निवडून, आणि आपली वाहिनी कोणत्या क्रमांकावर दाखवावी, यांवरून या दोघांची घासाघीस चालते. करार संपत आला की प्रक्षेपक वाहिन्या बंद करण्याची धमकी देतो. वितरक उलट पडद्यावर सूचना चालवून प्रक्षेपकाने अवाच्या सवा दर मागितल्याचे ग्राहकास सांगतो. दोघांच्याही हातातील शस्त्र एकच असते: ग्राहकाची गैरसोय. आणि ज्याच्या गैरसोयीवर ही घासाघीस चालते, त्याला वाटाघाटींच्या मेजावर जागा नसते.

भारतात खासगी छत्री सेवेचा आरंभ ऑक्टोबर २००३ मध्ये डिश टीव्हीने केला. ही कंपनी झी समूहाशी संबंधित, आणि स्टार हा झीचा प्रतिस्पर्धी. आरंभी डिश टीव्हीच्या ग्राहकास स्टार व सोनी समूहांच्या लोकप्रिय वाहिन्या दिसत नव्हत्या. पुढे ऑगस्ट २००६ मध्ये टाटा स्काय सुरू झाली. तिच्यात स्टारची भागीदारी होती, त्यामुळे झी समूहाच्या वाहिन्यांवरून तेथेही तेच नाट्य उलट बाजूने घडले. प्रत्येक समूहाने आपल्या मालासाठी वेगळे दुकान काढावे आणि ग्राहकाने सर्व माल हवा असल्यास दोन-दोन छत्र्या बसवाव्यात, अशी ही अवस्था होती.

दूरसंचार क्षेत्रासाठी १९९७ मध्ये स्थापन झालेल्या नियामक प्राधिकरणाकडे, म्हणजे ट्रायकडे, जानेवारी २००४ मध्ये प्रसारण व केबल सेवांचेही नियमन सोपविण्यात आले. ट्रायने १० डिसेंबर २००४ रोजी परस्परजोडणीचे विनियम काढले व त्यांत एक मूलभूत तत्त्व घातले: मागणी करणाऱ्या प्रत्येक वितरकास प्रक्षेपकाने आपल्या वाहिन्या भेदभाव न करता दिल्या पाहिजेत. रास्त भावाच्या दुकानदाराने एका शिधापत्रिकाधारकास धान्य द्यावे आणि दुसऱ्यास नाकारावे हे जसे चालत नाही, तसेच हे. या तत्त्वामुळे सरसकट नकार थांबला. भांडण मात्र थांबले नाही. ते ‘देतो की नाही’ येथून ‘कोणत्या दराने देतो’ येथे सरकले. जाहीर दरपत्रकातील भाव इतके चढे ठेवायचे की त्या भावाने कोणी घेऊच नये, आणि प्रत्यक्षात मर्जीतील वितरकास मोठी सूट द्यायची, ही पद्धत रूढ झाली. उपग्रहाद्वारे लहान केबल व्यावसायिकांना वाहिन्या पुरविणाऱ्या नोएडा सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी पार्क या कंपनीने याविरुद्ध दूरसंचार विवाद न्यायाधिकरणात दाद मागितली. न्यायाधिकरणाने ७ डिसेंबर २०१५ रोजी निर्णय देऊन जाहीर दरपत्रक अर्थपूर्ण असलेच पाहिजे आणि खासगी सौदे त्याच्या चौकटीतच झाले पाहिजेत, असे स्पष्ट केले. लहान गावांतील केबलचालकांच्या दृष्टीने या निकालाचे महत्त्व मोठे आहे, जरी त्याची चर्चा गावांपर्यंत कधी आली नाही.

दर ठरले, वाद राहिले

३ मार्च २०१७ रोजी ट्रायने नवे दर आदेश व विनियम जाहीर केले. प्रक्षेपकांनी त्यांना न्यायालयात आव्हान दिले. कार्यक्रमांवरील स्वामित्वहक्काच्या क्षेत्रात ट्राय ढवळाढवळ करीत आहे, असा त्यांचा युक्तिवाद होता. सर्वोच्च न्यायालयाने ३० ऑक्टोबर २०१८ रोजी तो अमान्य केला आणि १ फेब्रुवारी २०१९ पासून नवी पद्धत प्रत्यक्षात आली. पूर्वी वितरक ठरवील तो गठ्ठा घ्यावा लागे. आता प्रत्येक वाहिनीची किंमत प्रक्षेपकाने जाहीर करावयाची आणि ग्राहकाने हव्या तेवढ्याच वाहिन्या निवडावयाच्या, असे ठरले. त्या वेळी पहिल्या १०० वाहिन्यांच्या जोडणीसाठी दरमहा कमाल १३० रुपये, म्हणजे १८ टक्के करासह १५३ रुपये ४० पैसे, आकारता येत होते. सशुल्क वाहिन्यांची किंमत त्यावर वेगळी. गठ्ठ्यात घालावयाच्या वाहिनीची किंमत १९ रुपयांपेक्षा अधिक नसावी, अशी मर्यादा होती. करासह हे १९ रुपये २२ रुपये ४२ पैसे होतात. कर वगळून १९ रुपयांतील किमान २० टक्के, म्हणजे ३ रुपये ८० पैसे वितरकाचे, व उरलेले जास्तीत जास्त १५ रुपये २० पैसे प्रक्षेपकाचे. एका घरामागची ही रक्कम क्षुल्लक वाटते. तिला कोट्यवधी घरांनी गुणले म्हणजे दोन कंपन्या एकमेकींच्या वाहिन्या बंद करण्यापर्यंत का जातात, ते कळते.

निवडीचा हक्क मिळाला, पण तो वापरण्याची साधने सर्वत्र सारखी नव्हती. संगणकावर किंवा भ्रमणध्वनीवर वाहिन्यांची यादी करणे पुण्या-नागपूरच्या ग्राहकास शक्य झाले. जेथे भ्रमणध्वनीची रेंज शोधण्यासाठी टेकाडावर चढावे लागे, तेथील ग्राहकाची यादी दुकानदारानेच केली. देशभर असंख्य ग्राहकांनी निवड न केल्याचे आढळल्यावर ट्रायने १२ फेब्रुवारी २०१९ रोजी मुदत ३१ मार्चपर्यंत वाढविली आणि अशा ग्राहकांना त्यांच्या सवयीस अनुरूप योजना वितरकांनी द्यावी, असे सांगितले.

गडचिरोली जिल्ह्यापुरता आणखी एक प्रश्न येथे नमूद केला पाहिजे. प्रक्षेपकांचे गठ्ठे भाषेच्या बाजारपेठेनुसार बांधलेले असतात: मराठीचा वेगळा, तेलुगूचा वेगळा, बंगालीचा वेगळा. राज्याच्या मध्यभागी ही विभागणी सोयीची आहे. परंतु सिरोंचा व अहेरी भागात घरोघर तेलुगू बोलली जाते, मुलचेरा व चामोर्शी तालुक्यांत बंगाली निर्वासितांच्या वसाहती आहेत, आणि शाळेची व कचेरीची भाषा सर्वत्र मराठी आहे. एकाच घरात दोन भाषांच्या वाहिन्या पाहिल्या जातात, म्हणून दोन गठ्ठ्यांचे पैसे मोजावे लागतात. आणि तंटा झाला की तो दोन्ही गठ्ठ्यांत शिरतो. माडिया बोलणाऱ्या कुटुंबाची गोष्ट तर निराळीच आहे. ज्या वाहिन्यांवरून एवढी भांडणे झाली, त्यांपैकी एकही त्याच्या भाषेत बोलत नाही.

पडदा काळा होतो तेव्हा

१ ऑक्टोबर २०१८ रोजी टाटा स्कायने सोनी व इंडिया टुडे या समूहांच्या मिळून ३२ वाहिन्या आपल्या गठ्ठ्यांतून काढून टाकल्या. दरांची बोलणी फिसकटली होती. सोनी वाहिनीवर त्या वेळी ‘कौन बनेगा करोडपती’चे दहावे पर्व चालू होते. ज्यांना वाहिन्या परत हव्या असतील त्यांनी मिस्ड कॉल द्यावा, अशी सोय कंपनीने केली. ही सोय कागदावर सोपी दिसते. रेंज नसलेल्या गावात मात्र मिस्ड कॉल देण्यासाठीही प्रवास करावा लागतो, हे ती आखणाऱ्यांच्या ध्यानी आले नसावे.

याहून मोठा प्रसंग फेब्रुवारी २०२३ मधील. ट्रायने २०२० च्या सुधारित आदेशात गठ्ठ्यातील वाहिनीची कमाल किंमत १२ रुपयांवर आणली होती. प्रक्षेपक मुंबई उच्च न्यायालयात गेले; न्यायालयाने ३० जून २०२१ रोजी तो आदेश बव्हंशी ग्राह्य धरला. तथापि, पुढील विचारविनिमयानंतर २२ नोव्हेंबर २०२२ रोजी ट्रायने ही मर्यादा पुन्हा १९ रुपये केली. प्रक्षेपकांनी १ फेब्रुवारी २०२३ पासून नवे दर लागू केले. छत्री सेवा देणाऱ्या कंपन्यांनी नवे करार केले. अखिल भारतीय डिजिटल केबल महासंघाच्या सदस्यांनी मात्र स्वाक्षरी करण्यास नकार दिला. दर १८ ते ३५ टक्क्यांनी वाढले आहेत, असे महासंघाचे म्हणणे होते. १८ फेब्रुवारी रोजी डिस्ने स्टार, झी आणि सोनी या तिन्ही समूहांनी या केबल कंपन्यांना होणारा वाहिन्यांचा पुरवठा तोडला. महासंघाच्या सांगण्यानुसार देशातील सुमारे साडेचार कोटी घरांना त्याची झळ पोहोचली. दिल्लीत भारत-ऑस्ट्रेलिया कसोटी सामना चालू होता, दक्षिण आफ्रिकेत महिलांची विश्वचषक टी-ट्वेन्टी स्पर्धा रंगात आली होती, आणि महाराष्ट्रातही अनेक केबलधारकांच्या घरी पडदा काळा होता. सुमारे आठवडाभराने करार झाले व वाहिन्या परतल्या. त्या आठवड्याचे पैसे किती ग्राहकांनी परत मागितले, हा प्रश्न कोणी विचारला नाही.

भामरागडसारख्या ठिकाणी, जेथे छत्रीवरच सारी भिस्त, तेथे त्या आठवड्यात काळोख झाला नाही. छत्रीवाल्यांनी स्वाक्षऱ्या केल्या होत्या ना! पण स्वाक्षरी झाली याचा अर्थ नवे दर मान्य झाले. केबलच्या ग्राहकाने वाहिनी गमावली, छत्रीच्या ग्राहकाने पैसे गमावले. तंटा एकच, त्याची वसुली दोन प्रकारची.

हा अनुभव केवळ आपल्या देशाचा नाही. अमेरिकेत ३१ ऑगस्ट २०२३ रोजी डिस्ने आणि चार्टर या कंपन्यांचा करार फिसकटून सुमारे दीड कोटी ग्राहकांच्या वाहिन्या बंद पडल्या. तेथील लोकप्रिय फुटबॉल हंगामाचा सोमवारचा पहिला सामना सुरू होण्यास काही तास उरले असताना, ११ सप्टेंबर रोजी, समेट झाला. सामन्याची वेळ हीच तंटा मिटविण्याची वेळ ठरते. प्रेक्षकाला कोणत्या क्षणी सर्वाधिक टोचेल याचा अंदाज दोन्ही पक्षांना पक्का असतो.

विनामूल्य छत्रीची कहाणी

दरमहा पैसे भरणे ज्यांना शक्य नाही त्यांच्यासाठी प्रसार भारतीने डिसेंबर २००४ मध्ये डीडी डायरेक्ट प्लस ही सेवा ३३ वाहिन्यांसह सुरू केली. तीच आज डीडी फ्री डिश म्हणून परिचित आहे. एकदा छत्री व पेटी विकत घेतली की पुढे मासिक वर्गणी नाही. सह्याद्री वाहिनी त्यावर दिसते, बातम्या दिसतात. हंगामी मजुरी आणि तेंदूपानाच्या तोडणीवर वर्ष काढणाऱ्या कुटुंबास दरमहा ठरलेली रक्कम भरणे अवघड असते. पण तेंदूच्या हंगामात हातात पैसा असताना एकदाच छत्री घेणे जमते. म्हणून अरण्यभागात या सेवेचे मोल विशेष. देशात चार कोटींहून अधिक घरांत ती असल्याचे मानले जाते.

खासगी वाहिन्या या सेवेवर लिलावात जागा घेऊन येतात व जाहिरातींवर चालतात. मोठ्या समूहांनी आपले जुने कार्यक्रम दाखविणाऱ्या स्टार उत्सव, झी अनमोल, कलर्स रिश्ते, सोनी पल अशा वाहिन्या येथे ठेवल्या होत्या. २०१९ मध्ये नवी दरपद्धत आल्यावर १ मार्चपासून या वाहिन्या फ्री डिशवरून काढून घेण्यात आल्या. सशुल्क गठ्ठ्यांत त्या घालणे अधिक फायद्याचे होते. ज्याने कधी करारच केला नाही, ज्याचे कोणाकडे देणे-घेणे नाही, अशा प्रेक्षकाच्या घरातील वाहिन्या अशा रीतीने गेल्या. जून २०२० मध्ये, जाहिरातींचे उत्पन्न रोडावले असताना, त्या परत आल्या. एप्रिल २०२२ मध्ये पुन्हा गेल्या. विनामूल्य प्रेक्षक हवासा वाटतो तो जाहिरातीपुरता, हे या ये-जा वरून उघड होते. जुलै २०२४ मध्ये ट्रायने असा दंडक घातला की, जी वाहिनी फ्री डिशवर विनामूल्य दाखविली जाते, ती अन्य सर्व वितरकांकडेही विनामूल्य म्हणूनच जाहीर केली पाहिजे. एकाकडे फुकट व दुसऱ्याकडे विकत, हा प्रकार त्यामुळे बंद होतो. मात्र वाहिनी फ्री डिशवर ठेवायची की नाही हे ठरविणे अजून प्रक्षेपकाच्याच हाती आहे. त्याच सुधारणांत जोडणी शुल्कावरील कमाल मर्यादाही उठविण्यात आली, ही बाब सशुल्क ग्राहकाने विसरू नये.

क्रिकेटच्या बाबतीत संसदेने २००७ साली वेगळा कायदा करून राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचे प्रक्षेपण प्रसार भारतीस देणे बंधनकारक केले. सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०१७ रोजी निर्णय दिला की, हे प्रक्षेपण दूरदर्शनने स्वतःच्या मनोऱ्यांवरून व स्वतःच्या विनामूल्य छत्री सेवेवरूनच दाखवावे. खासगी केबल व छत्रीवाल्यांना ते पुरवू नये. त्यामुळे एक विलक्षण परिस्थिती निर्माण झाली. अशा सामन्याच्या दिवशी वर्गणी न भरणारा फ्री डिशधारक सामना पाहू शकतो आणि क्रीडा वाहिनी न घेतलेला सशुल्क ग्राहक तो पाहू शकत नाही.

ग्राहकाच्या हाती काय आहे

२०१७ च्या विनियमांनुसार प्रक्षेपक व वितरक यांनी एकमेकांचा पुरवठा तोडण्यापूर्वी किमान तीन आठवड्यांची लेखी नोटीस कारणांसह देणे आवश्यक आहे. त्याच विनियमांत लेखी कराराशिवाय वाहिनी देऊ नये, असेही म्हटले आहे. २०२३ चा पेच या दुसऱ्या नियमाच्या आधारे उभा राहिला. जी वाहिनी वितरकाकडून बंद झाली तिचे शुल्क ग्राहकाकडून घेता येत नाही. हे सहजासहजी कोणी सांगत नाही; ग्राहकास ते मागावे लागते. प्रथम कंपनीच्या ग्राहक सेवा क्रमांकावर तक्रार नोंदवून तिचा क्रमांक लिहून घ्यावा, समाधान न झाल्यास कंपनीच्या नोडल अधिकाऱ्याकडे जावे. ट्राय वैयक्तिक तक्रारींचा निवाडा करीत नाही. दिल्लीचे दूरसंचार विवाद न्यायाधिकरण कंपन्यांमधील तंट्यांबरोबरच ग्राहकांच्या समूहाची तक्रार ऐकते. एकट्या ग्राहकाची वाट जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे जाते. भामरागडहून गडचिरोली सुमारे पावणेदोनशे किलोमीटर दूर आहे. वीस-बावीस रुपयांच्या वाहिनीसाठी एवढा प्रवास कोणी करणार नाही, हे उघड आहे. सुदैवाने १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक साहाय्य क्रमांक विनामूल्य आहे, आयोगाकडे तक्रार संगणकाद्वारेही दाखल करता येते आणि मोजलेली रक्कम पाच लाख रुपयांपर्यंत असल्यास तक्रारीस शुल्क पडत नाही. गावातील आपले सरकार सेवा केंद्राच्या चालकाने किंवा शाळेतील शिक्षकाने हे काम अंगावर घेतल्यास एका पाड्यातील दहा-पंधरा ग्राहकांची तक्रार एकत्र जाऊ शकते.

केंद्र शासनाने ४ जानेवारी २०२३ रोजी प्रसारण पायाभूत सुविधांच्या विकासासाठी २,५३९ कोटी ६१ लाख रुपयांची योजना २०२५-२६ पर्यंतच्या कालावधीसाठी मंजूर केली. तिच्यात दुर्गम, आदिवासी, सीमावर्ती व नक्षलप्रभावित भागांत तसेच आकांक्षित जिल्ह्यांत ८ लाखांहून अधिक फ्री डिश पेट्या विनामूल्य वाटण्याची तरतूद होती. गडचिरोली आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आहे आणि नक्षलप्रभावित म्हणूनही गणला गेला आहे. ज्या घरी अशी पेटी आली असेल, त्या घरमालकाने कोणत्याही दुकानदारास तिचे मासिक शुल्क देऊ नये. तिला असे शुल्कच नाही.